काइकिलिउसचे घर आणि विभक्तींचा क्रम : लॅटिनच्या पहिल्या वर्षाचे एक प्रकरण

"काइकिलिउस एस्त पातेर" या तीन शब्दांनी ब्रिटनमधील अनेक पिढ्यांचे लॅटिन सुरू झाले. शाळेत थोडेफार संस्कृत झालेल्या मराठी वाचकाला हे वाक्य कोश न उघडता कळते. 'एस्त' म्हणजे 'अस्ति', 'पातेर' म्हणजे 'पिता', आणि उरलेला शब्द हे एका माणसाचे नाव. 1970 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'केम्ब्रिज लॅटिन कोर्स' या अभ्यासक्रमाच्या आरंभी हे वाक्य येते. भाषा, पुराणकथा आणि रोमन जीवन ही तिन्ही एकत्र शिकवायला घेतली की काय साधते आणि काय निसटते, हे तपासण्यासाठी या अभ्यासक्रमाच्या पहिल्या पुस्तकाइतके बोलके प्रकरण मला दुसरे माहीत नाही.

माझे म्हणणे आधीच मांडतो. नवशिक्याला संस्कृतीचा कोणता भाग आधी दाखवायचा हा निर्णय वरवर आवडीचा वाटतो, पण प्रत्यक्षात तो व्याकरणाचा निर्णय असतो. घरापासून सुरुवात केली तर काही विभक्ती आपोआप पुढे येतात आणि काही मागे पडतात. देवदेवतांपासून सुरुवात केली तर हा क्रम उलटतो. पहिल्या वर्षी विद्यार्थी कोठे अडखळेल, हे बऱ्याच अंशी या एका निवडीवर ठरते.

अभ्यासक्रम कशातून जन्मला

ऑक्सफर्ड आणि केम्ब्रिज या विद्यापीठांनी प्रवेशासाठी असलेली लॅटिनची अट 1960 साली मागे घेतली. तोवर ब्रिटनमधील मुले लॅटिन शिकत असत, त्यामागे ही अट हे मोठे कारण होते. वर्गात शब्दरूपे पाठ करून घ्यायची, इंग्रजी वाक्यांची लॅटिनमध्ये भाषांतरे करून घ्यायची आणि काही वर्षांनी सीझरच्या युद्धवर्णनाला हात घालायचा, अशी रीत होती. 'राम-रामौ-रामाः' घोकलेल्या आपल्या पिढ्यांना ही रीत अनोळखी वाटणार नाही. अट गेल्यावर प्रश्न सरळ होता : सक्ती नसताना एखाद्या मुलाने हा विषय का घ्यावा? 1966 साली नफील्ड फाउंडेशनच्या अर्थसाहाय्यातून केम्ब्रिज येथे शालेय अभिजात विषयांचा एक प्रकल्प उभा राहिला, आणि त्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर असे होते की विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून लॅटिन वाचले पाहिजे, आणि जे वाचायचे ते सलग गोष्टीच्या रूपात, खऱ्या रोमन जगातले असले पाहिजे. रूपांची कोष्टके वाचनानंतर येतील, वाचनाआधी येणार नाहीत, असे ठरले.

या निर्णयानंतर गोष्ट कोठे घडवायची हे ठरवावे लागले. रोम, तिथले सम्राट आणि सेनापती हा अपेक्षित पर्याय होता. प्रकल्पाने त्याऐवजी पाँपेई हे लहान रोमन गाव निवडले, आणि पाँपेईतही मंदिर किंवा रंगभूमी न निवडता एका सावकाराचे घर निवडले.

खरा माणूस आणि गोष्टीतला माणूस

लूकिउस काइकिलिउस यूकुन्दुस हा माणूस खरोखर होऊन गेला. तो लिलावात विकल्या गेलेल्या मालाच्या पैशांची देवघेव सांभाळणारा सावकार होता. खरेदीदाराकडून पैसे वसूल करायचे आणि आपले कमिशन ठेवून विक्रेत्याला द्यायचे, असा त्याचा धंदा. 1875 साली त्याचे घर उत्खननात सापडले, तेव्हा एका लाकडी पेटीत मेण लावून लिहिलेल्या दीडशेहून अधिक लाकडी फळ्या मिळाल्या. मेण नाहीसे झाले होते आणि लाकूड कोळशासारखे झाले होते. तरी लेखणीच्या टोकाने लाकडावर उमटलेल्या ओरखड्यांवरून बराच मजकूर वाचता आला. त्या बहुतेक पावत्या आहेत. सर्वांत जुनी इ.स. 15 ची असून ती यूकुन्दुसच्या आधी हा धंदा पाहणाऱ्या लूकिउस काइकिलिउस फेलिक्स याच्या काळातली आहे. त्या पावतीत 520 सेस्टर्स (रोमन नाणी) किमतीला विकलेल्या एका खेचराचा हिशेब आहे. बहुसंख्य फळ्या इ.स. 52 ते 62 या दहा वर्षांतल्या आहेत. काही पावत्या नगराच्या मालमत्तेच्या भाड्याच्या आहेत, त्यांत कपडे धुण्याच्या एका कारखान्याचाही समावेश आहे. साक्षीदारांची नावे बहुधा प्रतिष्ठेच्या उतरत्या क्रमाने येतात, त्यामुळे त्या लहान गावात कोणाचा मान किती होता, हेही या फळ्या सांगून जातात.

पावत्यांची ही मालिका इ.स. 62 च्या सुमारास थांबते, आणि याच वर्षी पाँपेईला मोठा भूकंप झाला. याच घरातल्या संगमरवरी शिल्पपट्टीवर त्या भूकंपाचे दृश्य आहे, त्यात चौकातील ज्युपिटरचे देऊळ कलंडलेले दिसते. पावत्या का थांबल्या, हे निश्चित सांगता येत नाही. यूकुन्दुस भूकंपात गेला असावा, असा तर्क अनेक अभ्यासकांनी केला आहे. पाँपेई गाडून टाकणारा वेसुव्हिअस ज्वालामुखीचा उद्रेक त्यानंतर 17 वर्षांनी, इ.स. 79 मध्ये झाला. अभ्यासक्रमातला काइकिलिउस मात्र 79 मध्ये जिवंत आहे आणि पहिल्या पुस्तकाच्या शेवटी, बाराव्या टप्प्यात (या अभ्यासक्रमात पाठांना 'टप्पे' म्हणतात), त्या उद्रेकात मरण पावतो. त्याची पत्नी मेतेल्ला, दास क्लेमेन्स आणि स्वयंपाकी ग्रूमिओ ही पात्रे लेखकांनी घडवली आहेत. मुलगा क्वीन्तुस याला थोडा आधार आहे, कारण भिंतीवर रंगवलेल्या एका निवडणूक-प्रचारात क्वीन्तुस आणि सेक्स्तुस या काइकिलिउस यूकुन्दुस घराण्यातल्या दोघांनी एका उमेदवाराला पाठिंबा दिला आहे. 2022 च्या पाचव्या आवृत्तीत लूकिआ नावाची मुलगीही कुटुंबात आली.

शिक्षणासाठी घेतलेले हे स्वातंत्र्य मला मान्य आहे. पण शिक्षकाने ते विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे. गोष्टीतला काइकिलिउस आणि पावत्यांवरचा यूकुन्दुस यांच्यातला फरक कळला की विद्यार्थ्याला प्राचीन इतिहासाचा सर्वांत महत्त्वाचा धडा मिळतो : पुरावा कोठे संपतो आणि अनुमान कोठे सुरू होते.

घर कोणते व्याकरण शिकवते

पहिल्या पाठात घरातली माणसे आणि त्यांच्या जागा एवढेच आहे. काइकिलिउस 'इन होर्तो', म्हणजे बागेत आहे. स्वयंपाकी 'इन कुलीना', स्वयंपाकघरात आहे. कुत्रा 'इन विआ', रस्त्यावर आहे. प्रत्येक वाक्यासोबत एक रेखाचित्र आहे. 'इन' नंतर नामाचे रूप का बदलते, हे येथे सांगितलेले नाही. विद्यार्थी 'इन होर्तो' हा अखंड शब्दसमूह म्हणून उचलतो. त्याच वेळी त्याला अर्धे रोमन घर कळते. आत्रिउम म्हणजे वर आकाशाला उघडा असलेला दर्शनी भाग, ज्याच्या मधोमध पावसाचे पाणी साठवणारा हौद असतो. ताब्लीनुम ही घरमालकाची बैठक, आणि त्रिक्लीनिउम म्हणजे तीन बाजूंनी मंचक मांडलेली जेवणाची खोली. ज्याने पुण्यातला किंवा वाईतला एखादा चौकाचा वाडा पाहिला आहे, त्याला आत्रिउमची रचना समजावून सांगण्याची गरजच पडत नाही.

दुसऱ्या टप्प्यात द्वितीया येते : 'आमीकुस काइकिलिउम वीसितात', म्हणजे मित्र काइकिलिउसला भेटतो. इंग्रजी बोलणाऱ्या मुलासाठी हा खरा उंबरठा आहे, कारण त्याच्या भाषेत कर्ता आणि कर्म जागेवरून ओळखले जातात, शब्दाच्या शेवटावरून ओळखले जात नाहीत, आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी बसत नाही. हा अभ्यासक्रम त्या मुलासाठी लिहिलेला आहे, म्हणून तो या उंबरठ्यावर बराच वेळ थांबतो. मराठी विद्यार्थ्याला मात्र येथे जवळजवळ काहीच नवीन शिकायचे नसते. शब्दक्रम आपलाच आहे, 'ला' चे काम 'उम' करते, आणि संस्कृतातल्या 'देवम्' मधला मकार येथे जसाच्या तसा भेटतो.

मराठी वाचकाला लिपीचाही फायदा होतो. अभिजात लॅटिनमध्ये 'क' चा उच्चार सर्वत्र 'क' असाच होता, आणि ऱ्हस्व-दीर्घ स्वरांचा फरक अर्थ बदलण्याइतका महत्त्वाचा होता. रोमन लिपीत हे दीर्घत्व दाखवायला वर आडवी रेघ द्यावी लागते. देवनागरीत 'इ' आणि 'ई', 'अ' आणि 'आ' मुळातच वेगळे असल्यामुळे वहीत उच्चार टिपून ठेवणे सोपे जाते. माझ्या पहिल्या वहीत लॅटिन शब्द देवनागरीत लिहिलेले होते, आणि त्याचा मला कधी तोटा झाला नाही.

चतुर्थी नवव्या टप्प्यात येते. षष्ठी मात्र सतराव्या टप्प्यात, म्हणजे काइकिलिउस मेल्यानंतर बऱ्याच काळाने भेटते. तोवर 'अमक्याचा तमका' असे म्हणायची वेळच येऊ नये, अशा बेताने गोष्ट लिहिलेली आहे. हे कौशल्याचे काम आहे, आणि घराच्या निवडीमुळेच ते शक्य झाले. घरात कोण कोठे बसले आहे, कोण काय करतो आणि कोणाला हाक मारतो, एवढे सांगायला प्रथमा, द्वितीया आणि स्थळदर्शक शब्दसमूह पुरतात.

पुराणकथा षष्ठीशिवाय चालत नाही

अभ्यासक्रमातल्या कुत्र्याचे नाव केर्बेरुस आहे. खऱ्या घराच्या प्रवेशदारातही मोझेकमध्ये आडवा पहुडलेला एक कुत्रा आहे, त्यामुळे कुत्र्याला गोष्टीत स्थान मिळणे योग्यच होते. पण केर्बेरुस हे नाव साधे नाही. तो मृतांच्या राज्याच्या दारावरचा तीन डोक्यांचा कुत्रा आहे. हर्क्युलिसच्या श्रमांपैकी शेवटचा श्रम त्याला पाताळातून वर आणण्याचा होता, आणि रोमन कवी व्हर्जिलच्या 'इनीड' या महाकाव्याच्या सहाव्या सर्गात सिबिला ही भविष्यवादिनी मध आणि गुंगीचे औषध घातलेला घास फेकून त्याला झोपवते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाचे दोन चतुरक्ष (चार डोळ्यांचे), शबल (ठिपकेदार) कुत्रे मृताच्या वाटेवर भेटतात. साम्य लक्षात घेण्यासारखे आहे, मात्र 'शबल' आणि 'केर्बेरुस' यांची व्युत्पत्ती जोडण्याचा मोह टाळावा, कारण ती जोड भाषाशास्त्राच्या कसोटीवर वादग्रस्त आहे. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी हाच कुत्रा मृत मालकाशेजारी थांबतो. ज्याला त्या नावाची पुराणकथा माहीत आहे, त्याला तो प्रसंग पूर्णपणे वेगळा दिसतो. ज्याला माहीत नाही, त्याच्यासाठी ती केवळ इमानी कुत्र्याची गोष्ट राहते.

अडचण येथेच आहे. ही पुराणकथा लॅटिनमधून सांगायची म्हटली की पहिल्याच वाक्यात षष्ठी लागते. देव आणि वीर हे नात्यांवरून ओळखले जातात : हेर्कुलेस (हर्क्युलिसचे लॅटिन नाव) 'फीलिउस इओविस', ज्युपिटरचा मुलगा, प्रोसेर्पिना केरेसची मुलगी, प्लूतो मृतांचा राजा. 'इओविस' हे तर अनियमित रूप. प्रथमा 'यूप्पितेर' आणि षष्ठी 'इओविस' यांत वरवर काहीच साम्य दिसत नाही. संस्कृत येणाऱ्याला हे कोडे सोडवून दाखवता येते, कारण 'यूप्पितेर' म्हणजे 'द्यौः पिता', आणि 'इओविस' हे त्याच 'द्यु' धातुकुळातले, आपल्या 'दिवः' चे भावंड. त्या 'पितेर' मध्ये काइकिलिउसच्या पहिल्या वाक्यातला 'पातेर' बसलेला आहे.

लॅटिनची जुनी वाचनपुस्तके पर्सेउस, हर्क्युलिस आणि युलिसीस यांच्या गोष्टींनी सुरू होत. त्यांत विद्यार्थ्याला पहिल्या पानावरच षष्ठी, कर्मणी रचना आणि दूरची नाती झेपवावी लागत. कथा परिचित आणि रंजक, पण भाषा अवघड असे त्यांचे रूप होते. काइकिलिउसचा अभ्यासक्रम या टोकापासून दूर गेला तो इतका, की पुराणकथा नावांत, भोजनगृहाच्या भिंतीवरच्या चित्रांत आणि इंग्रजीत लिहिलेल्या सांस्कृतिक टिपणांत शिल्लक राहिली. लॅटिनच्या धाग्यात ती विणली गेली नाही. दोन्ही पद्धतींत एकेक नुकसान आहे. माझ्या मते दुसरे अधिक लपून राहते, कारण विद्यार्थ्याला काही राहिले आहे हे कळतच नाही.

घरातलेच पाच शब्द

काइकिलिउसच्या घरात आत्रिउममध्ये एका संगमरवरी स्तंभावर कांस्याचे मस्तक होते. ते आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. मागे हटलेले केस, बाहेर आलेले कान आणि गालावर एक चामखीळ असा हा चेहरा इतका व्यक्तिगत आहे की तो पाहिल्यावर विसरता येत नाही. मस्तक नेमके कोणाचे यावर मतभेद आहेत, पण स्तंभावरचा लेख स्पष्ट आहे : 'गेनिओ लूकी नोस्त्री फेलिक्स लीबेर्तुस'. आमच्या लूकिउसच्या गेनिउसला, मुक्त केलेला दास फेलिक्स. दोन शब्द मूळ दगडावर संक्षेपाने कोरलेले आहेत आणि क्रियापद अजिबात नाही. 'अर्पण करतो' हे वाचणाऱ्याने समजून घ्यायचे.

या पाच शब्दांत रोमन घराची पूर्ण रचना आहे. गेनिउस म्हणजे घरातल्या पुरुषाबरोबर जन्मणारी आणि त्याच्या वंशसामर्थ्याचे रक्षण करणारी देवता. घराच्या लारारिउममध्ये, म्हणजे देवघरात, गृहरक्षक लारेसबरोबर घरमालकाच्या गेनिउसची पूजा होत असे. ती पूजा चतुर्थीत आहे. तो गेनिउस कोणाचा, हे षष्ठीत आहे. पूजा करणारा माणूस, जो पूर्वी त्याच घराची मालमत्ता होता, तो प्रथमेत आहे. तीन विभक्तींतून या तिघांचे एकमेकांशी असलेले स्थान ठरते. पहिले पुस्तक पूर्ण केलेला विद्यार्थी मात्र हा लेख वाचू शकत नाही, कारण षष्ठी त्याला अजून भेटलेली नाही. ज्या माणसाच्या घरात तो वर्षभर राहिला, त्याच्याच घरातला लेख त्याला बंद राहतो, ही गोष्ट मला या अभ्यासक्रमाची सर्वांत मोठी उणीव वाटते.

'सेर्वुस' चे मराठी काय करायचे

या अभ्यासक्रमावर झालेल्या टीकेतला सर्वांत गंभीर भाग दास्याबद्दल आहे. आधीच्या आवृत्त्यांतले ग्रूमिओ आणि क्लेमेन्स हसतमुख, खोडकर आणि मालकावर खूश असे दिसत. दासांच्या बाजारातला प्रसंगही मुलांना हलकाफुलका वाटावा असा लिहिला होता. अनेक शिक्षकांनी याला आक्षेप घेतला, आणि 2022 च्या आवृत्तीत दास्याचे चित्रण बदलले. हा बदल आवश्यक होता.

मराठीतून लॅटिन शिकवताना हा धोका वेगळ्या रूपात येतो. 'सेर्वुस' चे भाषांतर 'नोकर' करण्याकडे हात सहज वळतो, कारण स्वयंपाकी, माळी, दरवान अशी कामे करणारे नोकर आपल्याला परिचयाचे आहेत. ते भाषांतर चूक आहे. ग्रूमिओला पगार नाही, सोडून जाण्याचा हक्क नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने तो विकता येणारी वस्तू आहे. 'दास' हाच शब्द वापरावा. 'लीबेर्तुस' ला मराठीत तयार शब्द नाही. मी 'मुक्तदास' वापरतो, पण त्यासोबत हेही सांगावे लागते की मुक्त झाल्यावर त्याच्या नावात पूर्वीच्या मालकाचे कुलनाम येई आणि त्याच्याबद्दलची कर्तव्ये आयुष्यभर चालू राहत. 'फामिलिआ' म्हणजेही आपले कुटुंब नव्हे, कारण त्या शब्दात घरातले दासही येत. आणि 'काइकिलिउस एस्त पातेर' या पहिल्याच वाक्यातला 'पातेर' हा फक्त मुलांचा बाप नाही. रोमन कायद्याने घरातल्या मुलांवर आणि मालमत्तेवर अधिकार दिलेला तो पुरुष आहे. इतक्या सोप्या वाक्यात इतके दडलेले आहे म्हणूनच ते पहिले वाक्य म्हणून मला योग्य वाटते.

मराठी विद्यार्थ्यासाठी केलेला बदल

हे पुस्तक मी स्वतः क्रमाने वाचून पूर्ण केले आणि नंतर दुसऱ्यांदा वेगळ्या क्रमाने वाचले. पहिले चार टप्पे जसेच्या तसे, पण वेगाने घेतले, कारण द्वितीयेवर थांबण्याची गरज नव्हती. त्यानंतर सतराव्या टप्प्याची वाट न पाहता षष्ठी लगेच आणली. येथे मराठीची सवय आडवी येते, हे नमूद केले पाहिजे. आपले 'चा-ची-चे' पुढच्या शब्दाच्या लिंगानुसार बदलते, त्यामुळे 'इओविस फीलिउस' आणि 'इओविस फीलिआ' यांत 'इओविस' तसाच राहतो हे मनाला पटायला वेळ लागतो. त्या वेळी संस्कृतातला 'दशरथस्य पुत्रः, दशरथस्य कन्या' आठवला की गाठ सुटते.

मग पुराणकथेतली चार-पाच छोटी वाक्ये स्वतः रचली : केर्बेरुस प्लूतोचा कुत्रा आहे, हेर्कुलेस ज्युपिटरचा मुलगा आहे, हेर्कुलेस केर्बेरुसला रस्त्यावर ओढतो. नवव्या टप्प्यातली चतुर्थी झाल्यावर फेलिक्सचा लेख घेतला, आणि तो एका दमात वाचता आला. 'इन' नंतरच्या रूपाचे स्पष्टीकरण मात्र पुस्तकाप्रमाणे पुढे ढकलले, कारण लॅटिनच्या आब्लातीवुस या विभक्तीमध्ये आपली तृतीया, पंचमी आणि सप्तमी अशा तिन्हींची कामे एकत्र झाली आहेत. त्यांची गुंतागुंत पहिल्या महिन्यात उकलू गेले तर वाचन थांबते. या बाबतीत अभ्यासक्रमाचा संयम बरोबर आहे.

काइकिलिउसच्या घराच्या भिंतीवर ओरखडून लिहिलेला आणखी एक मजकूर आहे, आणि तो या क्रमातही शेवटीच येतो, कारण त्याला विध्यर्थी रूपे लागतात : 'क्विस्क्विस आमात वालेआत, पेरेआत क्वी नेस्कित आमारे, बिस तान्तो पेरेआत क्विस्क्विस आमारे वेतात'. जो प्रेम करतो त्याचे भले असो. ज्याला प्रेम करता येत नाही तो मरो. आणि प्रेमाला जो आडकाठी करतो तो दुप्पट मरो. 'वालेआत' आणि 'पेरेआत' यांच्या शेवटचा 'आत' मराठीत 'असो' आणि 'मरो' यांच्या शेवटच्या 'ओ' ने उतरतो. वहीच्या त्या पानावर मी दोन्ही एकाखाली एक लिहून ठेवले आहेत.